अनुमोदन माझं होतं, अण्णा

अण्णा, साताऱ्याला पक्षाच्या कार्यालयात तुमची शोकसभा होऊन आज नऊ दिवस झाले. वक्त्यांच्या यादीत माझं नाव चौथं होतं. मी उठून माइकपाशी गेले, तुमच्या फोटोकडं पाहिलं, "अण्णा गेले," एवढंच म्हणाले आणि येऊन खुर्चीवर बसले. लोकांना वाटलं, बाईला हुंदका आवरला नाही. शेजारचीनं पाठीवरून हात फिरवला. पण तो हुंदका नव्हता. माझ्या आधी रणजित, आता तालुक्यात पक्ष चालवणारा, बोलून गेला होता. "अण्णांच्या मनातला पक्षच आज आम्ही उभा करतोय," असं तो म्हणाला आणि सगळ्या सभागृहानं माना डोलावल्या. मीही डोलावली. डोलावून झाल्यावर माझ्या ध्यानात आलं, मी पुन्हा तेच केलं होतं. मग तुमच्या फोटोसमोर उभं राहून बोलायला तोंडच राहिलं नाही.

म्हणून हे आता कागदावर लिहितेय. तुमच्याशी इतक्या वर्षांत मी कधी पत्रानं बोलले नाही. एकच पत्र तुम्हाला पाठवलं आणि ते कोणतं, ते तुम्हाला माहीत आहे. त्यावर येतेच.

तुमच्या दारात मी पहिल्यांदा आले ती रेशनकार्डाचं भांडण घेऊन. आमचे हे तेव्हा सीमेवर होते, सासूबाईंचं नाव कार्डावरून उडालं होतं आणि कराडच्या तहसीलमध्ये मला कोणी उभं करत नव्हतं. तुम्ही उसाला पाणी देऊन नुकतेच आला होता, पाय चिखलानं भरलेले. माझं सगळं ऐकून घेतलंत, पाय धुतलेत आणि त्याच ओल्या पायांनी मोटरसायकलला किक मारलीत. तहसीलमध्ये तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. नुसते माझ्या मागं सुभेदारासारखे ताठ उभे राहिलात आणि मला बोलू दिलंत. काम झालं. परत येताना उंब्रजच्या चौकात गाडी थांबवून म्हणालात, "भांडतीस चांगली. दुसऱ्यासाठी भांडशील का?"

मी म्हणाले, "घरात इचारून सांगते."

"इचार. पर व्हय म्हणून इचार."

असं माझं राजकारण सुरू झालं. तेव्हा आपल्या पक्षाला तालुक्यात कोण विचारत होतं? बैठक तुमच्या ओसरीत व्हायची आणि काकी सगळ्यांना पुरेल एवढा चहा एका पातेल्यात करायच्या, यावरून किती माणसं होती ते कळावं. पंचायत समितीला मला उभं केलंत तेव्हा पहिल्या सभेत मी भाषण कागदावर लिहून नेलं होतं. तुम्ही मागून हळूच म्हणालात, "मंगल, भाषण करू नगंस. नुसतं सांग." आजही माइक हातात आला की मला तेवढंच आठवतं. ती निवडणूक मी हरले. तुम्ही दुसऱ्या दिवशी घरी येऊन सासूबाईंना म्हणालात, "आवं, सून तुमची पडली न्हाई, थांबलीय."

शोकसभेत लोकांनी तुम्हाला फार उदार करून टाकलं, अण्णा. मला ते खटकलं. तुम्ही काही उदार नव्हता. तुम्ही जुन्या वळणाचे होता आणि ते लपवत नव्हता. देव, देश, घराणं, शिस्त, यातलं काही कुणी हलकं केलेलं तुम्हाला खपायचं नाही. माझ्या भाचीनं जातीबाहेर लग्न केलं तर तुम्ही लग्नाला आला नाहीत. मी वर्षभर तुमच्याशी बोलले नाही. मग तिच्या लेकीच्या बारशाला काकींनी शिवलेलं झबलं-टोपडं घेऊन तुम्ही एकटेच आलात, बाळाच्या हातावर बोट ठेवलंत आणि तिच्या नवऱ्याला विचारलंत, "पाऊसपाणी कसं हाय तुमच्याकडं?" माफी नाही, खुलासा नाही. तुमच्या लेखी तेवढ्यात सगळं आलं होतं. मलाही ते पुरलं.

आणि रणजितला पक्षाजवळ तुम्हीच आणलंत. शोकसभेत एवढं मात्र तो खरं बोलला.

त्याची संघटना तेव्हा नवी होती. भगवे गमछे, मोटरसायकलींच्या रांगा, चौकाचौकात सभा. मी त्याचं उंब्रजमधलं एक भाषण ऐकलं आणि तशीच तुमच्याकडं आले. म्हणाले, "अण्णा, ह्यांची भाषा बरी न्हाई. आपल्या गावातल्याच माणसांना हा पाहुणं म्हणतोय, आणि परत पाठवायचं म्हणतोय. कुठं पाठवायचं? मुलाणी काय, अत्तार काय, हितंच जन्मली."

तुम्ही हसलात. "जोश हाय गं. भाषा वयाबरोबर निवळती. आपल्याकडं बूथवर बसायला माणूस न्हाई आन् ह्येच्याकडं शंभर पोरं हायती. त्यांना शिस्त लावू आपण."

मला पटलं नव्हतं. पण पुढच्या निवडणुकीत त्याच पोरांनी घरोघर चिठ्ठ्या वाटल्या, म्हाताऱ्यांना रिक्षातून आणलं, आणि मी निवडून आले. गुलालात माखून मी तुमच्या पाया पडले तेव्हा माझ्या शेजारी रणजित उभा होता. त्या दिवसापासून आपली दोघांची बाजू बदलत गेली, अण्णा. मला त्यांची भाषा ऐकू येईनाशी झाली आणि तुम्हाला ऐकू यायला लागली.

आधी ती पोरं झेंडे लावायची. मग खुर्च्या मांडायला लागली. मग कुठल्या खुर्चीवर कोण बसणार, तेही तीच ठरवायला लागली. मुंबईहून प्रदेशाचे नेते आले की पूर्वी तुमच्याकडं भाकरी खायला उतरायचे. ते आता रणजितच्या बंगल्यावर नाश्त्याला जाऊ लागले. गंमत अशी की त्यानं पक्षाचं सभासदत्वसुद्धा घेतलेलं नव्हतं. "मी संघटनेचा माणूस, पक्ष तुमचा," असं हात जोडून म्हणायचा. आणि आपण तालुक्यातून उमेदवाराचं नाव पाठवलं की वरून निरोप यायचा, "जरा रणजितरावांशी बोलून घ्या."

एकदा प्रदेशाचं एक पत्रक तुम्ही माझ्यासमोर टाकलंत. चष्मा काढून डोळे चोळलेत. "ह्यातलं तिसरं वाक्य वाच."

मी वाचलं.

"कुठं ऐकलंयस?"

मला आठवेना. तुम्ही म्हणालात, "आपल्या चौकात. रणजितच्या तोंडून. तूच मला येऊन सांगितलं हुतंस. तवा मी हसलो हुतो."

मी म्हणाले, "अण्णा, काळ बदलतो. पक्ष वाढवायचा तर थोडं इकडं तिकडं चालायचंच." माझ्या तोंडून हे इतकं सहज आलं की मलाच बरं वाटलं. मोठ्या नेत्यासारखं बोलल्यासारखं.

मग ती देवीची यात्रा आली.

देवळाच्या वाटेवर फलक लागले, यात्रेत फक्त आपल्याच माणसांची दुकानं लागतील म्हणून. खाली संघटनेचं नाव. हसनभाई अत्तार पायरीच्या डाव्या हाताला बसायचे. कुंकू, बुक्का, गुलाल, हिरव्या बांगड्या. त्यांचे आजोबा तिथंच बसत होते. देवीच्या मळवटाचं कुंकू त्यांच्याच घरून येतं, हे माझ्या सासूबाईंनीही त्यांच्या सासूकडून ऐकलेलं. यात्रेच्या आदल्या दिवशी रणजितची पोरं जाऊन त्यांना सांगून आली की यंदा येऊ नका.

यात्रेदिवशी सकाळी तुम्ही हसनभाईंना घरून घेऊन आलात. त्यांची पाटी स्वतः उचललीत. पायरीपाशी चादर अंथरलीत आणि त्यांना आत बसवून पुढं तुम्ही बसलात, फेटा बांधून, फौजेतली पदकं लावून. आणि दिवसभर कुंकवाच्या पुड्या बांधल्यात. पोरं आली तेव्हा तुम्ही काय म्हणालात ते मला हसनभाईंच्या मुलीनं नंतर सांगितलं.

"अण्णा, तुमी धर्माच्या इरुद्ध जाताय," एकजण म्हणाला.

"रं गड्या, मी रूढी मानणारा माणूस हाय," तुम्ही म्हणालात. "देवीचं कुंकू ह्या घरातनं येतंय, हा देवीचा रिवाज हाय. तो मी मोडत न्हाई. मोडताय तुमी. मला धर्म शिकवायच्या आधी देवीला इचारून या."

तीन-चार बायका घुटमळल्या, मग एकीनं पुडी घेतली. मग बऱ्याच जणींनी घेतली.

मी घेतली नाही, अण्णा.

मी वाटेच्या वळणावर उभी राहून तुम्हाला पाहिलं. ओटीचं ताट माझ्या हातात होतं. जिल्ह्याची सरचिटणीस होते, प्रदेशाच्या कार्यकारिणीत माझं नाव जाणार अशी चर्चा होती, आणि पोरं मोबाईलवर प्रत्येक पुडी घेणाऱ्या बाईचं चित्रण करत होती. मी मागच्या दारानं देवळात गेले. कुंकू मी घरूनच नेलं होतं. म्हणजे काय होणार हे मला आधीच माहीत होतं. वळणावर गोंधळले वगैरे काही नव्हतं. मी घरी स्वयंपाकघरात उभी राहून, विचार करून ती पुडी बांधली होती.

तुम्ही मला पाहिलंत का, हे मी तुम्हाला कधी विचारू शकले नाही.

ते चित्रण जिल्हाभर फिरलं. त्याखाली तुमच्याविषयी जे लिहिलं गेलं ते मी इथं लिहीत नाही. चाळीस वर्षं पक्षाचं काम केलेल्या माणसाविषयी, ज्यांना तुम्ही हाताला धरून आणलंत त्यांनी ते लिहिलं होतं. पक्षातल्या एकानंही त्यावर अक्षर उमटवलं नाही. मी तुम्हाला फोन करायला घेतला आणि ठेवून दिला.

दोनच महिन्यांनी प्रदेश कार्यकारिणीची बैठक सांगलीला झाली. मी पहिल्यांदाच सदस्य म्हणून गेले. तुम्हाला ज्येष्ठ म्हणून बोलावलं होतं आणि तुम्हीच म्हणालात, "एकाच गाडीनं जाऊ, कशाला दोन?" वाटेत सगळं हसूनखेळून. ताकारीच्या अलीकडं ऊस बघून म्हणालात, "ह्ये रान कुणाचं असंल, लय निगुतीनं ठेवलंय." यात्रेचा विषय तुम्ही काढला नाहीत. मीही काढला नाही.

सभागृहात ठराव वाचायला घेतले. चौथ्या ठरावात ते वाक्य होतं. यात्रा, आठवडी बाजार आणि देवस्थानाच्या परिसरात केवळ आपल्या समाजाच्याच लोकांनी व्यवहार करावेत, यासाठी पक्ष आग्रही राहील. एका गावच्या फलकावरचं वाक्य राज्याच्या ठरावात आलं होतं. अनुमोदक म्हणून माझं नाव छापलेलं होतं. मला आदल्या दिवशी फोनवर विचारलं होतं आणि मी हो म्हणाले होते. तुम्हाला गाडीत सांगितलं नव्हतं.

तुम्ही मागच्या रांगेतून उठलात. "अध्यक्ष महाराज, ह्या ठरावातलं एक वाक्य काढावं, एवढीच विनंती हाय."

अध्यक्ष हसले. "अण्णा, भावना समजून घ्या कार्यकर्त्यांच्या."

"भावना समजली. म्हणूनच म्हणतोय. आपण परंपरेचा पक्ष म्हणून उभं ऱ्हायलो. आमच्या गावच्या देवीची परंपरा ह्या वाक्यानं मोडती. मग आपण कशाचा पक्ष?"

मागून घोषणा सुरू झाल्या. तुमचा आवाज बुडाला. तुम्ही तरी उभेच होता, एक हात वर करून, बोलायची परवानगी मागणाऱ्या शाळकरी मुलासारखे. मग अध्यक्षांनी अनुमोदकाचं नाव पुकारलं. मी उठले. तुमच्याकडं न बघता म्हणाले, "माझं अनुमोदन आहे."

वळून पाहिलं तेव्हा तुम्ही खाली बसला होता.

परतीच्या वाटेवर पेठ नाक्यावर आपण चहाला थांबलो. तुम्ही बशीत चहा ओतलात आणि तो निवला तरी प्यायला नाहीत.

"मंगल, तुला त्ये वाक्य पटतं का?"

"अण्णा, प्रश्न पटण्याचा न्हाई. सगळ्यांनी मान्य केलं—"

"सगळ्यांचं न्हाई इचारलं."

"मी नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या कुणाचं तरी अनुमोदन आलं असतं. ठराव झालाच असता."

"झाला असता. पर मग तो दुसरा कुणीतरी असता."

मी चिडले. म्हणाले, "तुमीच आणलं की त्यांना! मी नको म्हणत होते. आता सगळं गेल्यावर मलाच का विचारता?"

तुमचा चेहरा मी विसरणार नाही. राग नव्हता त्यावर. तुम्ही हळू म्हणालात, "व्हय. मीच आणलं. त्येचं उत्तर मला द्यायचं हाय, मी शोधतोय. तू तुझं शोध." आणि चहावाल्याला हाक मारून चहा परत गरम करून मागितलात.

पुढच्या आठवड्यात तुम्हाला तालुकाध्यक्षपदावरून काढून मार्गदर्शक नेमायचं ठरलं. पत्रावर सरचिटणीसाची सही लागते. मी केली. कुणीतरी म्हणालं, हातोहात द्या, सन्मान वाटेल. मी ते पोस्टानं पाठवलं. तुमचं घर माझ्या घरापासून सात किलोमीटरवर.

तीन दिवसांनी तुमचा फोन आला. "पत्र मिळालं." मग जरा थांबून म्हणालात, "तुझी सही आता चांगली यायला लागली. पंचायतीला अर्ज भरला तवा लय थरथरली हुती." आणि फोन ठेवलात. तुम्हाला टोचायचं होतं की खरंच कौतुक होतं, यावर मी किती वेळा विचार केला असेल. तुम्ही दोन्ही एकत्र करू शकणारे होता.

कराडला दवाखान्यात मी एकदाच आले. तुम्ही झोपला होता. नाकात नळी, हात सुया टोचून निळा झालेला. काकी खाली औषधं आणायला गेल्या होत्या. मी स्टुलावर बसले. तुमच्याशी बोलायचं म्हणून वाटेत शब्द जुळवत आले होते. तुमच्या पापण्या हलल्या तशी मी उठले आणि निघून आले. जागे झाला असतात तर उत्तर सापडलं का, असं तुम्ही विचारलंच असतंत, याची मला भीती वाटली. पुढच्या गुरुवारी तुम्ही गेलात.

तारळीच्या काठावर तुम्हाला अग्नी दिला तेव्हा मी बायकांच्या घोळक्यात लांब उभी होते. हसनभाई माझ्याहून लांब, बाभळीखाली, टोपी हातात घेऊन. पुढाऱ्यांच्या गाड्यांमुळं त्यांना पुढं येता येत नव्हतं, की ते येत नव्हते, कोण जाणे.

शोकसभेनंतर चार दिवसांनी मी काकींना भेटायला गेले. वाटलं, दारातून परत पाठवतील. त्यांनी आत बोलावलं. "सही तूच केलीस ना त्या पत्रावर?" त्यांनी सरळ विचारलं.

"व्हय काकी."

"मला लय राग आला हुता तुझा. ह्यांना म्हणलं, तिला घरात पाऊल ठेवू देणार न्हाई." त्या थांबल्या. "तर ह्ये म्हणाले, मंगलला काय बोलू नगंस. ती पक्षाच्या आत हाय त्येच बरं हाय. दवाखान्यातनंच त्या मुंबईच्या सायबाला फोन लावला, पुढच्या टायमाला जिल्हा परिषदेला मंगलचंच नाव घ्या म्हणून. श्वास पुरत न्हवता तरी बोलत हुते."

अण्णा, हे तुम्ही का केलंत? मला रागावला असतात, तोंड फिरवलं असतंत, तर मला सोपं गेलं असतं. मी काकींच्या समोर बसून रडले. त्यांनी रडू दिलं, समजूत घातली नाही.

काल कराडला तालुक्याची बैठक झाली. तुमच्या जागी रणजितचा माणूस अध्यक्ष आहे. सांगलीचा ठराव आता गावोगावच्या बाजारांना लावायचा, आणि सुरुवात आपल्या तालुक्यातून करायची, असा विषय होता. अनुमोदनाला पुन्हा माझंच नाव. मी उठले.

म्हणाले, "माझं अनुमोदन न्हाई. सांगलीला दिलं ते चुकलं, ते मी मागं घेते. यात्रेत मी हसनभाईंकडनं कुंकू घेतलं न्हाई, तेही चुकलं. मला हे वाक्य तेव्हाही पटलं नव्हतं. भीतीनं आणि पदासाठी मी गप्प बसले."

रणजितनं हसून मोबाईल खिशात ठेवला. "ताई अण्णांच्या दुःखात आहेत. आपण समजून घेऊ," असं म्हणाला, आणि दुसऱ्या कुणाचं तरी अनुमोदन घेतलं. ठराव झाला. विरोधात हात माझा एकटीचा. बाहेर आले तेव्हा एक जुना कार्यकर्ता, तुमच्या ओसरीत चहा प्यायलेला, माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाला, "बरं केलंसा, ताई." मी विचारलं, "मग हात का न्हाई वर केला?" तो आपल्या चपला शोधायला लागला. मी त्याला आणखी काही बोलू शकले नाही. कुठल्या तोंडानं बोलणार?

आज सकाळी जिल्ह्याच्या ग्रुपवरून माझं नाव काढलेलं दिसलं. जिल्हा परिषदेचं तिकीट आता येणार नाही, हे सांगायला ज्योतिषी नको. त्याचं मला फारसं काही वाटलं नाही. मी तशीच काकींकडं गेले. त्या अंगणात बसून तांदूळ निवडत होत्या. मी बैठकीत काय बोलले ते सगळं शब्दन् शब्द सांगितलं. त्यांचा हात सुपात फिरत राहिला. खडे बाजूला काढत त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं.

मग मान वर न करता म्हणाल्या, "चांगलं बोललीस. त्यांच्या कानावर पडायला पायजे हुतं गं."

मी म्हणाले, "व्हय काकी."